मेलेल्या सोंगटीचा विडा

१

सोंगट्यांचा डाव थंड डोक्याने खेळायचा असतो, आणि आमच्या शुक्रवार पेठेत माझ्याइतक्या थंड डोक्याने तो खेळणारा दुसरा कोणी नव्हता. ही बढाई नव्हे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. कवड्या कशा पडतील ते कुणालाच सांगता येत नाही, पण कशा पडण्याची शक्यता जास्त आहे ते मला सांगता येतं. बाकीचे तिघे कवड्यांवर फुंकर मारत, देवाचं नाव घेत, आणि हरत.

ते तिघे म्हणजे माझी बायको प्रभा, आमचे घरमालक चनमल्लप्पा आणि त्यांची बायको रत्नम्मा. चनमल्लप्पांचं कापडाचं दुकान होतं. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी बाजारात कुत्रंसुद्धा फिरत नाही, तेव्हा ते फळ्या लावून घरी येत. मला सुट्टीच होती. भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे जेवणं झाली की दोघं नवराबायको आमच्या सोप्यात येऊन बसत. पट रत्नम्मानं दुकानातल्या कापडाचा शिवला होता. लाल सोंगट्या माझ्या, पिवळ्या प्रभाच्या, हिरव्या चनमल्लप्पांच्या आणि काळ्या रत्नम्माच्या. बायका-पुरुष एका पटावर बसतात म्हणून पेठेत थोडी कुजबुज होती. मी तिकडे लक्ष देत नसे.

आमच्या डावाला एक नियम होता, तो रत्नम्मानं घातलेला. ज्याची सोंगटी मेली त्यानं उठायचं, आतल्या खोलीत जाऊन विडा लावायचा आणि तो मारणाऱ्याला आणून द्यायचा. मारणाऱ्यानं तो तिथल्या तिथे खायचा. "राग पोटात ठिवून कुनी उठायचं न्हाय," ती म्हणे. विडा होईपर्यंत डाव थांबे. आतून अडकित्त्याचा कट् कट् आवाज येई आणि ज्यानं मारलं तो मिशीला पीळ देत बसे.

आतली खोली म्हणजे आमची कोठी. सोप्यातून एकच दार, त्याला बाहेरून कडी. खिडकी नाही, फक्त धाब्यात एक झरोका. भर उन्हाळ्यात सगळ्या घरात तीच काय ती गार, म्हणून पानाचा डबा तिथे ठेवलेला. पानं ओल्या फडक्यात आठ-आठ दिवस हिरवी राहत.

हा खेळ माझ्यापुरता खेळ होता, प्रभासाठी औषध होतं. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल तिच्या माहेरी जन्मलं आणि बारशाच्या आत गेलं. म्हणून या खेपेला मी तिला माहेरी धाडली नाही. पण भीती तिच्याबरोबर इथेही आली. पोटात हालचाल झाली तरी ती दचके, नाही झाली तर त्याहून दचके. सुईण मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "बाईच्या मनातली भीती काडा मास्तर, न्हायतर ह्ये बी हाताला लागायचं न्हाय." मी तिला म्हणालो, काढतो. कठीण वाटणारं गणित सोडवून दाखवणं हाच तर माझा धंदा.

२

रत्नम्माच्या भावाच्या घरी, वळसंगला, लग्न निघालं. जाताना तिनं प्रभाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बजावलं, "मी न्हाय म्हनून माज्या सोंगट्या डब्यात घालू नका हां मास्तर. माज्या वाटच्या कवड्या ह्यांना टाकू द्या."

तसंच केलं. पटाची एक बाजू रिकामी, तिच्यासमोर काळ्या सोंगट्या मांडलेल्या, आणि चनमल्लप्पा आपला हात झाला की बायकोचाही हात टाकत. बायकोसाठी टाकलेल्या कवड्या त्यांना हमखास चांगल्या पडत, त्यावरून आम्ही त्यांची पुष्कळ थट्टा केली.

त्या दुपारी माझी लाल सोंगटी एका काळीच्या मागे लागली होती. मला दहा हवे होते आणि दहाच पडले. मी काळी सोंगटी उचलून बाजूला ठेवली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघून ऐटीत ओरडलो, "उठा रत्नम्माबाई! विडा आणा!"

प्रभा हसली. चनमल्लप्पाही हसले. "वळसंगास्नं येईपत्तुर वाळून जाईल की ओ विडा," ते म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. कट्.

मग थोडं थांबून पुन्हा कट्. सुपारी फोडणारा माणूस खांड नीट धरून, बोट सांभाळून दुसऱ्यांदा दाबतो, तेवढंच अंतर मध्ये गेलं होतं.

आम्ही तिघेही सोप्यात होतो. एकमेकांकडे बघितलं नाही, कवड्यांकडे बघत राहिलो. प्रभानं हात पोटावर ठेवला होता.

"उंदीर," मी म्हणालो आणि उठलो.

खोलीत कोणी नव्हतं. झरोक्यातून उजेडाचा एक तुकडा जमिनीवर पडला होता. पानाचा डबा उघडा होता आणि त्याच्या झाकणावर एक विडा होता, लवंग टोचून तयार. तो आमच्या घरच्या हाताचा नव्हता. पानाचा देठ खुडलेला नव्हता आणि पान उलटं धरलेलं, पाठीच्या फिकट शिरा बाहेर. आमच्याकडे लहान पोरसुद्धा असं पान लावत नाही.

आता माणसानं अशा वेळी काय करावं? मी विचार केला की प्रभानं सकाळी कधीतरी लावून ठेवला असेल आणि विसरली असेल. या दिवसांत बायका विसरतात. उंदरानं डब्यात खुडबुड केली असेल, त्यात अडकित्ता वाजला असेल. दोन्ही गोष्टी अगदी शक्य होत्या. मी विडा उचलून बाहेर आणला आणि तिच्यासमोर उभा राहून हसत हसत तोंडात घातला. ती घाबरू नये म्हणूनच.

"तूच लावून ठेवलास आणि विसरलीस," मी म्हणालो.

"मी नाही लावला," ती म्हणाली. "अहो, थुंका तो. थुंका आधी."

मी तो थुंकला नाही. खरं सांगायचं तर विडा फार छान जमला होता.

३

त्या दिवसापासून प्रभा आतल्या खोलीत जाईना. दारावरून जायची वेळ आली तर भिंतीला चिकटून जाई. जेवण कमी झालं. पहाटे मला उठवून विचारी, "बाळ हललं का हो? हात लावून बघा ना." मी हात लावी. बाळ हलत असे. तिचा विश्वास बसत नसे.

मी कोठी रिकामी केली. धान्याची पोती बाहेर काढली, कोपऱ्यातलं उंदराचं बीळ दगड-माती घालून बुजवलं, भिंतींना चुना फासला. भर दिवसा कंदील लावून तिला दारात उभी केली आणि एकेक कोपरा दाखवला. "दुसरं दार आहे? खिडकी आहे? माणूस मावेल असा झरोका आहे?" ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. उत्तरं सगळी बरोबर दिली, पण आत पाऊल टाकलं नाही.

चनमल्लप्पा दुकानात जाता जाता ओसरीवर थांबले. "मास्तर, माझं ऐकता? पट गुंडाळून ठिवा. आमची बायको आली की खेळू की. तवर नको."

"का नको?"

"का म्हंजे…" ते पागोटं सारखं करत राहिले. "तुमी तिला हाक मारली, बोलावलंत. आनि हिकडं तर कुनीच न्हवतं. मला काय कळत न्हाय बगा त्यातलं. पन वैनीचं दिस भरत आल्यात. साकु, बास करा म्हनतो मी."

मला त्यांचा रागच आला. इतका व्यवहारी माणूस, कापडाच्या एका वितीत कोणाला फसणार नाही, आणि एका उंदराला भ्याला. पट गुंडाळला असता तर प्रभाला काय वाटलं असतं? नवऱ्यालाही भीती वाटली, म्हणजे आत काहीतरी आहेच, हेच ना? भीतीला पाठ दाखवली की ती वाढते, हे मी शाळेत शंभर पोरांवर पाहिलेलं होतं. ज्या पोराला भागाकाराची भीती त्याच्याकडून भागाकारच करून घ्यायचा.

मी चनमल्लप्पांना म्हणालो, "उद्या दुपारी या. पट मांडतोय."

४

ते आले. मन नव्हतं, पण मैत्रीखातर आले. मी सगळ्या सोंगट्या मांडल्या, काळ्यासुद्धा.

सुरुवातीला प्रभाच्या हातातून कवड्या नीट सुटत नव्हत्या. मग खेळ रंगू लागला. तिची एक पिवळी सोंगटी पटाला जवळजवळ वळसा घालून घराकडे वळली आणि तिच्या तोंडावर थोडी टवटवी आली. मला तेवढंच हवं होतं. मी मुद्दाम तिची सोंगटी सोडून चनमल्लप्पांच्या मागे लागलो.

चनमल्लप्पांनी स्वतःचा हात टाकला, मग काळ्यांचा. पंचवीस. त्यांनी बोटानं घरं मोजली, पुन्हा मोजली आणि हात मागे घेतला.

"ही चाल मी करत न्हाय," ते म्हणाले.

पंचविसाव्या घरात प्रभाची ती पिवळी सोंगटी होती. जिथे सोंगटी मरत नाही त्या फुलीच्या एक घर अलीकडे, उघड्यावर.

"डाव म्हणजे डाव," मी म्हणालो आणि काळी सोंगटी उचलून मीच तिथे नेऊन ठेवली. पिवळी बाहेर काढली. "प्रभा, तुझी मेली. जा, विडा लावून आण."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आजचा दिवस राहू दे ना हो."

"आजच जा. आज गेलीस की सुटलीस. आयुष्यभराचं सुटलीस. मी इथे दाराकडे तोंड करून बसतो, हललो तर सांग."

"वैनी, जाऊ नका," चनमल्लप्पा म्हणाले.

पण प्रभानं माझं ऐकलं. नेहमीच ऐकत असे. भिंतीला हात लावून, जड अंगानं ती उठली. दारात थबकली तेव्हा मला एक युक्ती सुचली. "मोठ्यानं सतराचा पाढा म्हणत जा," मी म्हणालो. "तुझा आवाज मला ऐकू येत राहील, माझा तुला."

सतराचा पाढा हा आमच्या घरातला जुना थट्टेचा विषय. लग्न झाल्यापासून मी तो तिला शिकवत होतो आणि ती एका ठिकाणी अडकायची ती अडकायचीच. त्या अवस्थेतही ती थोडी हसली आणि आत गेली.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस."

"शाब्बास," मी बाहेरून म्हणालो.

"सतरा त्रिक एक्कावन्न." डब्याचं झाकण वाजलं. "सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी." ती थांबली. नेहमी थांबायची तिथेच. "सतरा पाचे पंच्याऐंशी…"

कट्.

मग काहीच नाही. मी उठायला गुडघा टेकलाच होता. तेवढ्यात आतून आवाज आला आणि ती पुढचा पाढा म्हणू लागली. कुठेही न अडता, घडाघडा, शेवटपर्यंत. म्हणत म्हणतच बाहेर आली. हातात विडा होता, तोंडभर हसू होतं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी चनमल्लप्पांकडे विजयी नजरेनं पाहिलं. ते तिच्याकडे बघत होते.

"काही नाही हो आत," प्रभा म्हणाली. "उगीच घाबरत होते मी." ती आपल्या जागेवर बसली. बसताना भिंतीचा आधार घेतला नाही. विडा रिकाम्या बाजूला ठेवायचा होता, कारण मारलं होतं काळ्यानं. तो तिनं क्षणभर तिथे ठेवलाही. मग म्हणाली, "इथे कोण खाणार? मीच खाते," आणि तोंडात टाकला.

आम्ही खेळत राहिलो. प्रभा इतकी छान कधीच खेळली नव्हती. कवड्यांवर फुंकर नाही, देवाचं नाव नाही. मी म्हणालो, "आता पाहा आमची बायको!" आणि ती खळखळून हसली. थोड्या वेळानं तिनं नेम धरून माझीच लाल सोंगटी मारली.

"उठा," ती म्हणाली. "माझा विडा आणा."

५

मी गुणगुणत आत गेलो. उजेडातून आल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून उंबऱ्याच्या आत जरा थांबलो. चुन्याचा वास येत होता. झरोक्यातला उजेड जमिनीवर होता, पानाचा डबा त्याच्या कडेला.

कोपऱ्यात कोणीतरी अगदी हळू बोलत होतं.

"सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा पाचे…"

उजेड जिथे संपत होता तिथे लुगड्याचा काठ दिसला. प्रभाचं लुगडं. गुडघे, त्यांवर ठेवलेला एक हात, हातात अडकित्ता. त्याच्यावर अंधार होता. चेहरा मी पाहिला नाही. आज मला कोणी शपथेवर विचारलं तरी हेच सांगेन की चेहरा मी पाहिला नाही.

पाढा थांबला.

"अहो," ती कुजबुजली. आवाज रडून बसला होता. "मला उठता येत नाहीये. मी किती हाका मारल्या. अहो, बाहेर माझ्या जागेवर कोण बसलंय?"

सोप्यातून प्रभाचा आवाज आला, मोठा आणि हसरा. "सापडत नाही का हो डबा?"

गुडघ्यावरचा हात उचलला गेला आणि माझ्या दिशेने पुढे आला. दोन पावलं टाकली असती तर तो माझ्या हातात आला असता.

माझं डोकं तेव्हाही चालू होतं. माझी बायको एकच आहे. दोन ठिकाणी बसलेली असेल तर एक जागा खोटी. बाहेरची उजेडात आहे, साक्षीदारासमोर आहे, धडधाकट आहे. आतली अंधारात आहे, आणि ज्या खोलीत नको ते घडतं त्याच खोलीत आहे. राहिला पाढा. पण तो प्रभानं मोठ्यानं म्हटला होता, आणि जे कोणी इथे बसून तो ऐकत होतं त्याला तो तसाच, अडकण्यासकट म्हणता येईल. शंका घ्यायला कुठे जागाच नव्हती.

मी मागे सरकलो, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आतून दार वाजलं नाही. फक्त अडकित्ता जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

"आजपासून पट बंद," मी म्हणालो. "प्रभा, चल, आवर. आपण मोडनिंबला यशोदेकडे जाऊ. तुझं बाळंतपण तिथेच करू."

यशोदा माझी बहीण. प्रभानं एका शब्दानंही ‘का’ असं विचारलं नाही. आनंदानं उठली आणि ट्रंक भरायला लागली. चनमल्लप्पा कवड्या गोळा करत होते. त्यांनी बंद दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत कोन हाय, मास्तर?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

६

मोडनिंबला प्रभा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. चांगली गुटगुटीत. इतकी सोपी सुटका आपण पाहिली नाही असं तिथली सुईण म्हणाली. यशोदेनं साखर वाटली.

चनमल्लप्पा बाळाला बघायला आले. झबल्याचं कापड घेऊन आले होते. मी त्यांना ओसरीवर गाठलं आणि कोठीचं विचारलं. रत्नम्मा वळसंगहून आल्यावर दोघांनी मिळून दार उघडलं, असं ते म्हणाले. आत काही नव्हतं. रत्नम्मानं खोली धुतली. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि निघताना प्रभाला भेटायला आतही गेले नाहीत. त्यांनी मला आणखी काही सांगावं अशी माझी इच्छा नव्हती. मी विचारलं नाही.

मी सगळं पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहतो आणि दर वेळी उत्तर तेच येतं. मी योग्य तेच केलं. प्रभा हसते, खाते, गाढ झोपते. सुईणीनं सांगितलं होतं तसं मी तिच्या मनातली भीती मुळासकट काढली.

काल पहाटे बाळाला फणफणून ताप भरला. अंग निळसर पडलं, डोळे फिरले. यशोदा देवापाशी डोकं आपटत होती. मी अनवाणी वैद्याकडे धावलो आणि त्यांना घेऊन आलो. वैद्यानं मात्रा उगाळून चाटवली, आणि उजाडताना ताप उतरला. तो सगळा वेळ प्रभा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा श्वासही वाढला नव्हता. "असं काय करता?" ती मला म्हणाली. "इतकं काय घाबरायचं त्यात?" आणि शांतपणे माझ्याकडे बघून हसली.

माझी प्रभा घाबरली असती. बाळाला छातीशी घट्ट धरून ती वेड्यासारखी रडली असती, मला क्षणभरही हात सोडू दिला नसता. मी कडी घातली तेव्हा आत जी बसली होती, ती घाबरलेली होती.